आकाशाची खतावणी

धूमकेतूला आपल्याकडे चांगले दिवस असे कधी आलेच नाहीत. सूर्याला अर्घ्य मिळतं, चंद्राशिवाय संकष्टीचा उपास सुटत नाही, शनीला दर शनिवारी तेल मिळतं. फार काय, राहू-केतूंनाही शांतीच्या निमित्ताने मान मिळून जातो. धूमकेतूच्या वाट्याला मात्र नुसता संशय. एखादा पुढारी ध्यानीमनी नसताना उपटला की वर्तमानपत्रं लिहितात, ‘धूमकेतूसारखा उगवला.’ म्हातारी माणसं त्याला शेंडेनक्षत्र म्हणत आणि ते दिसलं की राजा मरतो, नाहीतर पाऊस तरी दगा देतो, असं सांगत. पाऊस आमच्याकडे शेंडेनक्षत्राची वाट न बघताही दगा देतो, ही गोष्ट वेगळी.

वराहमिहिराने बृहत्संहितेत धूमकेतूंवर एक अख्खा अध्याय खर्ची घातला आहे. केतू किती, तर तो सांगतो की काहींच्या मते एकशे एक, काहींच्या मते एक हजार, आणि नारदमुनींच्या मते एकच. तोच नाना रूपं घेऊन हिंडतो. शिल्लक एक, एकशे एक की हजार, हेच ज्या खात्यात ठरत नाही, त्या खात्यावर आमच्या बँकेत लेखापरीक्षक तांबड्या शाईने शेरा मारतो. दीड हजार वर्षं झाली, वराहमिहिराला तो शेरा कुणी मारला नाही. नशीबवान माणूस!

पण हे झालं ठसठशीत धूमकेतूंचं. १९९७ सालचा हेल-बॉप ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, तो बघायला ना दुर्बीण लागली, ना अक्कल. मान वर केली की काम झालं. मला सांगायचं आहे ते अंधुक धूमकेतूंविषयी. दर वर्षी हौशी माणसाच्या दुर्बिणीत सापडतील असे पुष्कळ धूमकेतू येतात आणि मुकाट्याने निघून जातात. त्यांना बहुधा शेपूट नसते. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसावं आणि डाग तेवढा राहावा, एवढंच त्यांचं रूप. असला डाग लाखो ताऱ्यांतून हुडकून काढायला कोण लागतो? तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञ. मी म्हणतो, कारकून! आणि हे मी बिरादरीच्या अभिमानाने म्हणत नसून इतिहासाच्या आधाराने म्हणतो आहे.

शार्ल मेस्ये नावाचा एक फ्रेंच तरुण १७५१ साली पॅरिसला आला. त्याच्याजवळ पदवी नव्हती, वशिला नव्हता. अक्षर मात्र सुरेख होतं. तेवढ्यावर नौदलाच्या वेधशाळेत देलील नावाच्या ज्योतिषाकडे त्याला कारकुनाची जागा मिळाली. नोंदी उतरवायच्या, नकाशे काढायचे. त्यातूनच हळूहळू त्याचा डोळा दुर्बिणीला लागला. पुढे १७५८ साल उजाडलं. हॅलेने भाकीत केलेला धूमकेतू परत यायचा होता. तो कुठे दिसेल याचा नकाशा देलीलसाहेबांनी काढून दिला आणि मेस्येला कामाला लावलं. नकाशा चुकीचा होता. आता साहेबाचा नकाशा चुकीचा आहे असं म्हणणारा कारकून फ्रान्समध्ये जन्मला नव्हता. इथेही क्वचितच जन्मतो. बिचारा महिनोन् महिने साहेबांनी दाखवलेल्या जागी शोधत बसला. तिकडे जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री तो धूमकेतू पाहूनही टाकला. मेस्येला तो २१ जानेवारी १७५९ ला सापडला. पालिचची बातमी पॅरिसला पोचली नव्हती, म्हणजे मान मेस्येचाच होता. पण साहेबांनी हुकूम सोडला: वाच्यता करायची नाही. का, ते साहेबांना ठाऊक! बातमी जाहीर करायची परवानगी मिळाली ती १ एप्रिलला. तारीखही काय निवडली पहा. लोकांनी विश्वास ठेवला नाही.

पण कारकुनाचं कसब पुढेच आहे. हॅलेची वाट बघतानाच वृषभ राशीत मेस्येला एक डाग दिसला होता. धूमकेतूच वाटला. पण धूमकेतू ताऱ्यांमधून सरकतो आणि हा ढिम्म हलेना. तेव्हा मेस्येने तेच केलं जे कुठलाही शहाणा कारकून करतो. त्याने उचंत खातं उघडलं! ज्या नोंदीचा उलगडा होत नाही, तिने रोज ताळमेळ बिघडवू नये म्हणून ती बाजूला लिहून ठेवायची. ‘हे धूमकेतू नव्हेत, यांनी फसू नये’ अशा वस्तूंची त्याची यादी शेवटी शंभरावर गेली. गंमत अशी, की त्याने शोधलेले डझनभर धूमकेतू आज फारसे कुणाला आठवत नाहीत. त्याचं उचंत खातं मात्र जगातला प्रत्येक दुर्बीणवाला पाठ करतो. त्यातली पहिली नोंद म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष, आणि एकतिसावी म्हणजे देवयानीतली अख्खी दीर्घिका.

दुसरा दाखला इंग्लंडमधल्या जॉर्ज अल्कॉक नावाच्या शाळामास्तरांचा. या गृहस्थांनी तीस हजार ताऱ्यांच्या जागा पाठ केल्या होत्या. आमच्याकडे तीसपर्यंतचे पाढे पाठ असणारा माणूस लग्नात मुद्दाम ओळख करून देण्याजोगा मानतात. एवढं पाठांतर कशासाठी? तर आकाशात एखादा ठिपका जास्त झाला की तो चटकन खुपावा. १९५९ च्या ऑगस्टात त्यांनी एका आठवड्यात दोन धूमकेतू शोधले. आणि १९८३ च्या मे महिन्यात तर घराबाहेरही न पडता, बंद खिडकीच्या काचेतून, साध्या द्विनेत्रीने पुन्हा जगाला चकित केलं. तोच धूमकेतू काही दिवस आधी आयरास नावाच्या कृत्रिम उपग्रहालाही दिसला होता. म्हणून त्याचं नाव पडलं आयरास-अराकी-अल्कॉक: एक उपग्रह, एक जपानी हौशी माणूस आणि एक मास्तर. पंगतीत तिघांचं पान शेजारी शेजारी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबाच्या देशातलं. यात आमच्या हिंगोलीचा काय संबंध? तर संबंध आहे, आणि तो थेट सरकारी तिजोरीतून आहे.

आमचं गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. नंतर हैदराबाद राज्यात, १९५६ साली द्विभाषिक मुंबईत, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून निघून स्वतःच जिल्हा झालं. गाव जागचं हललं नाही; नुसतं खातं एका लेजरातून दुसऱ्या लेजरात वर्ग होत गेलं. तर निजामी अमलात हैदराबादला जफरजंग नावाचे एक हौशी नवाब होते. त्यांनी १९०१ च्या सुमारास विलायतेहून पंधरा इंची दुर्बीण मागवली आणि वेधशाळेला निजामाचं नाव दिलं. १९०७ साली नवाब वारले आणि पुढच्या वर्षी वेधशाळा सरकारजमा झाली. ती मोठी दुर्बीण नीट उभी राहून कामाला लागली १९२२ साली. एकवीस वर्षं! ज्यांनी कधी सरकारी इमारतीला वीजजोडणी घेतली आहे त्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

तोवर वेधशाळेने हात जोडून बसावं असं मात्र झालं नाही. सगळ्या आकाशाचे फोटो काढून ताऱ्यांची यादी करायची, असं १८८७ साली पॅरिसमध्ये ठरलं होतं आणि आकाशाचे पट्टे निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिले होते. चिलीतल्या सांतियागोला आपला पट्टा झेपेना, तो निजामियाने घेतला. मग वर्षानुवर्षं काचेच्या तबकड्यांवर फोटो काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याची जागा मोजायची आणि वहीत लिहायची. अशा साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या नोंदी हैदराबादेत झाल्या. यात साहस नाही, टाळ्या नाहीत. शुद्ध खतावणी! आमच्या आजा-पणजांनी भरलेल्या शेतसाऱ्यातला एखादा आणा तरी या कामी लागला असेल, अशी माझी आपली समजूत आहे.

या वेधशाळेत बापू नावाचे एक सहायक होते. मूळ केरळचं घराणं, पण नाव ऐकून आपल्याच वाड्यातले वाटतात. त्यांचा मुलगा वेणू, जन्म १९२७ चा. बापाच्या कचेरीत पोरं जातात ती पंख्याखाली बसायला. हा पोरगा दुर्बिणीला डोळा लावायला जाई. कॉलेजात असतानाच तो हौसेने ताऱ्यांचे वेध घेऊन टिपणं छापू लागला होता. पुढे हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती मिळवून तो अमेरिकेत हार्वर्डला गेला. २ जुलै १९४९ ला तिथे आकाशाचा फोटो घेतलेल्या एका काचेवर त्याला एक अनोळखी अंधुक डाग दिसला. प्राध्यापक बॉक आणि सोबतचा विद्यार्थी न्यूकर्क यांनी शहानिशा केली. डाग धूमकेतूचाच निघाला आणि आकाशाच्या दप्तरात बापू-बॉक-न्यूकर्क असं नाव कायमचं चढलं. त्याबद्दल त्या वर्षीचं डोनोहो पदकही मिळालं. वेणू बापू पुढे भारतातल्या आधुनिक खगोलशास्त्राचे कर्तेधर्ते झाले, कावलूरची मोठी दुर्बीण त्यांच्या नावाने ओळखली जाते, ते सगळं खरं. पण मला मोह पडतो तो त्या एकवीस वर्षांच्या पोराच्या नजरेचा. काचेवर हजारो ठिपके, आणि याला नेमका जास्तीचा तेवढा खुपला! लहानपणापासून ज्याने घरात ताळमेळाचीच भाषा ऐकली, त्याला खोटी नोंद ओळखायला वेगळी शिकवणी लागत नाही.

हिंगोलीत आजही हा धंदा करणारे आहेत. आमचे एक निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांनी सहा इंची आरसा स्वतः कार्बोरंडमच्या पुडीने घासून, पीव्हीसीच्या पाइपात बसवून दुर्बीण केली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांनी ‘हिरवा धूमकेतू’ म्हणून गवगवा केला होता तो मंगळाच्या शेजारी आला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर औंढ्याच्या रस्त्याला एका शेतात गेलो. गुरुजींनी आधी अर्धा तास नुसतं अंधारात बसवलं. डोळा अंधाराला सरावावा लागतो म्हणे. मोबाइल काढायला बंदी. मग म्हणाले,

“बघ आता. पण सरळ बघू नकोस. किंचित बाजूला नजर ठेव, म्हणजे तो दिसेल.”

डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेच्या भागाला अंधुक उजेड जास्त कळतो. ही विद्या मला नवी नव्हती. कॅश जुळत नसली की आम्ही सगळे मॅनेजरसाहेबांकडे असंच बघतो. आणि खरोखर, बाजूला नजर नेताच एक करडा गोळा उमटला. हिरवा मुळीच नव्हता. तेवढ्यात बॅटरी घेऊन शेताचे मालक आले.

“काय हुडकायलात, गुरुजी?”

“धूमकेतू.”

त्यांनीही डोळा लावला. “हे तर पिंजलेल्या कापसाचं बोंदूक दिसायलंय की!”

गुरुजी खूश झाले. इतकं नेमकं वर्णन वर्तमानपत्रातही आलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की हा मागच्या खेपेला पन्नासेक हजार वर्षांपूर्वी येऊन गेला असावा.

“आन् आता परत कवा?”

“परत येईलच असं नाही.”

“मंजे बुडीत खातंच म्हणा,” मालक माझ्याकडे बघून म्हणाले. धूमकेतूंचं इतकं अचूक वर्गीकरण वराहमिहिरालाही साधलं नाही.

गुरुजींनी मग वही काढली. शेजारचे ओळखीचे तारे दुर्बिणीत मुद्दाम धूसर करून धूमकेतूएवढे फुगवायचे आणि त्यांच्याशी त्याचं तेज पडताळायचं. मापाला माप लावण्यातलाच प्रकार. तारीख, वेळ, दुर्बीण, तेज, गोळ्याचा आकार, सगळं लिहिलं. तासाभराने पुन्हा पाहिलं, तर डाग ताऱ्यांमधून थोडा सरकला होता. सरकला म्हणजे खरा. उचंत खात्यात टाकायची गरज नाही.

मी त्यांना विचारलं, की गुरुजी, हा शोधला अमेरिकेतल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने, मार्च २०२२ मध्ये. आता रात्रभर संगणकच आकाश तपासतात. मग ही वही कशाला? प्रश्न त्यांना विचारला, पण खरं तर तो माझाच होता. मी नोकरीला लागलो तेव्हा काउंटरमागे पुरुषभर उंचीची लेजरं होती. आता सगळं संगणकात आहे. व्याज तो लावतो, ताळमेळ तो घालतो, आणि रात्री दहा रुपयांसाठी सगळी शाखा थांबवून धरणारा तो जुना हेडकॅशिअर कुणाला लागत नाही.

गुरुजी म्हणाले, “कॅमेरा शोधतो आणि पुढच्या तुकड्याकडे जातो. हा उद्या फुटेल की उजळेल की विझेल, ते रोज कोण बघणार? डोळ्याने केलेल्या नोंदी दोनशे वर्षं त्याच मापात चालू आहेत. त्यात खंड पडला तर जुन्याची नव्याशी तुलना कशी करणार?”

आणि त्यांचं म्हणणं नुसतं मास्तरी नव्हतं. १९७३ साली कोहोटेक धूमकेतूविषयी पंडितांनी केवढी भाकितं केली होती, आणि तो आला तो मिणमिणता. धूमकेतू काय करील ते आजही आधी सांगता येत नाही, रोज बघावंच लागतं. शोधाचं म्हणाल, तर २०१९ साली दुसऱ्या सूर्याच्या घरून आलेला पहिला धूमकेतू सापडला, तो क्रिमियात बोरिसोव्ह नावाच्या माणसाला, स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून. मोठमोठे कॅमेरे चालू असताना!

हल्ली आमच्या जिल्ह्याची विज्ञानात वट वाढली आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने २०२३ साली तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील तिला. लोक मला बँकेत विचारतात, त्यातून धूमकेतू दिसेल का? मी सांगतो, नाही. ती उजेड बघतच नाही. ती जमिनीवर बसून विश्वाचे हादरे मोजणार आहे. धूमकेतू बघायला अजूनही सहा इंची आरसा, एक वही आणि अंधार एवढंच लागतं.

त्यातला आरसा गुरुजी घासून देतात. वही चाळीस रुपयांना मिळते. पंचाईत आहे ती तिसऱ्या वस्तूची. आमच्या त्या शेताजवळच्या फाट्यावर गेल्या वर्षी हायमास्ट दिवा बसला. उद्घाटनाला पुढारी आले, भाषणं झाली, पेढे वाटले. गुरुजींनी दुर्बीण उचलून दोन किलोमीटर आत नेली आहे. आपल्याकडे उजेड पाडणाऱ्यांची कधीच वाण पडली नाही. थोडा अंधार राखून ठेवणारा मात्र कुणीतरी निघायला हवा, म्हणजे रात्रीची खतावणी चालू राहील.