धर्मट्टी, एस. एस.

भारतीय भौतिकीविज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे एनएमआरच्या, संशोधनाचा पाया घालणारे.

त्याआधी ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख यांच्या गटात होते. ब्लॉख आणि हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल यांना १९४६ मध्ये स्वतंत्रपणे गवसलेली ही पद्धत सुरुवातीला अणुकेंद्रांचे चुंबकीय परिबल मोजण्यासाठी वापरली जाई. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले अणुकेंद्र ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरी शोषते. ती कंप्रता कळली की परिबल काढता येते. पण एकाच मूलद्रव्याची अणुकेंद्रे वेगवेगळ्या संयुगांत किंचित वेगळ्या कंप्रता दाखवू लागली. अचूक मोजमाप करू पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ही निव्वळ कटकट होती.

जे. टी. अर्नोल्ड, धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांनी १९५१ मध्ये याच कटकटीचे सोने केले. साध्या इथाइल अल्कोहोलमधील हायड्रोजनचा संकेत त्यांना तीन शिखरांत विभागलेला मिळाला. शिखरांखालील क्षेत्रफळे १:२:३ या प्रमाणात होती, कारण रेणूच्या तीन गटांत अनुक्रमे एक, दोन आणि तीन हायड्रोजन अणू असतात. नमुन्याला धक्का न लावता रेणूची रचना वाचता येते, हे त्या आलेखाने दाखवले. तो पुढे पाठ्यपुस्तकांत पोहोचला. धर्मट्टींचे नाव त्या मानाने फारच कमी पोहोचले.

टीआयएफआरमध्ये त्यांच्या गटाने धातू व मिश्रधातूंपासून कार्बनी द्रवांपर्यंत अनेक पदार्थ अभ्यासले. सी. आर. कानेकर, गिरजेश गोविल, सी. एल. खेत्रपाल हे त्यांचे सहलेखक. पैकी गोविल यांनी टीआयएफआरमध्येच जैविक रेणूंकडे मोर्चा वळवला, तर खेत्रपाल यांनी पुढे लखनौला जैववैद्यकीय चुंबकीय अनुस्पंदन केंद्र उभारले.

पनवेल तालुक्यात खारघरला असलेल्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग केंद्रातील एमआरआय एनएमआरच्याच तत्त्वावर चालतो. मात्र एमआरआयचे चित्र मुख्यतः पाणी व चरबीतील हायड्रोजनचे असते. चित्राऐवजी शिखरांचा आलेख, म्हणजे वर्णपट, घेतला तर ऊतीतील कोलीन, क्रिएटीन, लॅक्टेट यांची शिखरे वेगळी ओळखू येतात. मेंदूच्या अनेक गाठींत कोलीनचे शिखर उंचावते.

हाडासारख्या घन पदार्थांचे काम अधिक किचकट. द्रवात रेणू सतत फिरत असल्याने शिखरे धारदार येतात, घनात ती पसरट होतात. म्हणून हाडाची पूड लहानशा नळीत भरून, नळी चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांत तिरपी धरून, सेकंदाला हजारो फेऱ्यांनी फिरवतात. मग फॉस्फरसच्या संकेतावरून खनिजाचे आणि कार्बनच्या संकेतावरून कोलॅजेनचे स्वरूप कळते. हाडातील खनिजाच्या सूक्ष्म स्फटिकांवर सायट्रेट घट्ट चिकटलेले असते, हे २०१० मध्ये याच मार्गाने दिसून आले. कृत्रिम हाडासाठी बनवलेले खनिज नैसर्गिक हाडाच्या कितपत जवळ जाते, याची तुलनाही अशाच वर्णपटांवरून करतात.