आमचं दप्तर सरकारात आहे

मी मिल कामगार. सुरतेच्या बाजूला एका कापड मिलमध्ये पाळीनं राबतो, सुटीला पॅसेंजर धरून चिंचपाड्याला येतो. शाळा नववीत सुटली. पुढचं जे शिकलो ते रद्दीच्या दुकानात आणि ग्रंथालयाच्या बाकावर. पंडितांची भाषा माझ्याकडं नाही. जे भोगलं आणि जे वाचलं, ते मांडतो.

बाप जंगलाच्या कडेचा तुकडा कसतो. त्याआधी आजा कसायचा. २००६चा वनहक्क कायदा आला तसा बापानं दावा टाकला. शेजारचा मावची भाऊ अनुसूचित जमातीचा. त्यानं १३ डिसेंबर २००५च्या आधीचा कब्जा दाखवला की पुरे. बाप अनुसूचित जातीचा, म्हणून कायद्याच्या भाषेत ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्यानं तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. हिशेब करा, १९३०पर्यंत मागं जायचं. बाप म्हणाला, “कागद कुठून आणू रे? तेव्हा आपल्याला पाटी तरी धरू देत होते का?”

तो एका कचेरीत गेला. जुनं रेकॉर्ड सापडत नाही म्हणाले. परत गेला तर कसर लागली म्हणाले. तिसऱ्यांदा गेला तर उद्या या. तो उद्या अजून उजाडला नाही.

मग मी कायदाच वाचायला घेतला. २००८च्या नियमांत तेरावा नियम आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं. पण दाव्याला किमान दोन पुरावे लागतात, आणि त्या यादीत सगळ्यात वर काय आहे? गॅझेटिअर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याचे वर्किंग प्लॅन. म्हणजे सरकारचेच कागद. जंगल सरकारचं, दावा सरकारपुढं, आणि पुरावा सरकारच्याच कपाटात! ज्याच्याशी भांडण त्याच्याच कंबरेला किल्ली.

आता इतिहासाकडं या. आमच्या खानदेशात धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ सालचं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वणवण फिरले, वाड्यावाड्यांतले कागद त्यांनी मिळवले. काम मोठं, मी नाकारत नाही. पण वाड्यात दप्तर होतं म्हणून वाड्याचा इतिहास झाला. आमच्या झोपडीत काय होतं? काठी आणि घोंगडी. आमची नोंद ठेवली ती सरकारनं. मोजायला, सारा वसूल करायला, चोर ठरवून पकडायला.

१८८०चं खानदेश गॅझेटिअर मी एका मोठ्या शहराच्या ग्रंथालयात पहिल्यांदा हातात घेतलं. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. भिल्लांवर, महारांवर साहेबानं जे लिहिलंय त्यानं काही छाती फुगत नाही. पण आपण इथं होतो, राबत होतो, हे त्यात आहे. विरोधी पक्षाचा साक्षीदार आपल्या बाजूनं बोलला, तर ती साक्ष जास्त वजनदार असते.

असे आणखी कागद आहेत. १९२८ साली मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली. तिच्यात बाबासाहेब होते, ठक्कर बाप्पा होते, डॉ. सोळंकी होते. अस्पृश्य आणि आदिवासींच्या हालांवर तिचा अहवाल १९३०चा. १९३६च्या सरकारी आदेशात अंशतः वगळलेल्या क्षेत्रांची यादी आहे, तिच्यात आमचा नवापूर पेटा नावानिशी आहे. पुढं सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यानं अशा मुलखांची पाहणी केली. सावकार आदिवासीला कसा पिळतो ते त्यानं सरकारलाच लिहून दिलं. हे आमच्या तालुक्यात किती जणांनी पाहिलंय? मिल कामगाराला हे बघायला रजा टाकून, पगार कापून शहरात जावं लागतं.

सरकारी कागद म्हणजे मेलेला कागद, असं कोणी म्हणेल. त्याला महाड सांगा. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या ओंजळीमागं ४ ऑगस्ट १९२३चा, कौन्सिलातला बोल्यांचा ठराव होता. आणि बाबासाहेबांची कौन्सिलातली भाषणं आज ग्रंथरूपानं आपल्या घरात आहेत, १९८२चा दुसरा खंड उघडा. ती कशामुळं? कौन्सिलचे छापील वृत्तांत टिकले म्हणून. एकाच कपाटात असते आणि त्या कपाटाला वाळवी लागली असती, तर?

कपाट जळतंही. २१ जून २०१२ला खुद्द मंत्रालय पेटलं, फायलींची राख झाली. शिवाय आमचं गाव जागेवरच, पण कचेऱ्या हलल्या. १९०६ला खानदेश फोडून पश्चिम खानदेश केला, त्याचा पुढं धुळे जिल्हा झाला, १ जुलै १९९८ला नंदुरबार. दर वेळी गाठोडी बांधायची. कुठलं गाठोडं कुठं पडलं, आमच्या म्हाताऱ्यानं कुणाला विचारायचं?

१९५४च्या कायद्यानं छापील पुस्तकं देशातल्या चार ग्रंथालयांत पोचवायची असतात, सरकारी प्रकाशनंसुद्धा. कोलकाता, चेन्नई, मुंबई, दिल्ली. चिंचपाड्याहून सगळ्यात जवळ मुंबई! सगळं कॉम्प्युटरवर आलंय म्हणतात. काही आलंय, चांगलं झालं. पण लाइट गेली, साइट बंद पडली, की बाप पुन्हा त्याच खिडकीशी उभा.

१९६७च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळतं. कादंबऱ्या असू द्या, मीही वाचतो. पण एक कपाट ह्या कागदांचं पाहिजे. गॅझेटिअर, स्टार्ट, सायमिंग्टन, सर्व्हेचे अहवाल, जंगलाचे प्लॅन, १९५१पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका. आणि मराठीत समजावून सांगणारा एक माणूस. ग्रंथालयात कागद कशाला पाहिजे म्हणून कोणी विचारत नाही, जात विचारत नाही, उद्या या म्हणत नाही.

१३ फेब्रुवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हुसकायला सांगितलं. देशभरात अशी दहा लाखांवर कुटुंबं. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस बाप नीट जेवला नाही.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या सुटीला आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात जा. ह्या कागदांची यादी द्या. लेखी द्या, पोच घ्या. आपला तोही एक कागद होऊ द्या.