जुन्या ध्वनिवर्धकाची डागडुजी

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, बखरी आणि किल्ले आपल्या डोळ्यांपुढें येतात. मालवणच्या माणसाला तर त्यासाठीं दूर जावयास नको. १६६४ सालीं ज्याची उभारणी सुरू झाली तो सिंधुदुर्ग समोर समुद्रांतच उभा आहे. परंतु याच किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर आणखी एक साधन धूळ खात पडलेलें असतें. कोणा हौशी चाकरमान्यानें मुंबईहून आणलेला, निर्वात नळ्यांचा म्हणजे व्हॉल्व्हचा तो ध्वनिवर्धक होय. बंद पडला कीं तो भंगारांत जातो, अथवा दुरुस्तीच्या नांवाखालीं त्याचें मूळ रूप पार नाहींसें होतें. दोन्ही प्रकारांत आपण काय गमावतों, याचा आज थोडा विचार करूं.

१९०४ सालीं फ्लेमिंग यांनीं दोन अग्रांची निर्वात नळी तयार केली. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं तींत तिसरें अग्र, म्हणजे ग्रिड अथवा जाळी, बसविलें. तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे विजेचे कण धांवत असतात. मधल्या जाळीवरील दाब किंचित् बदलला कीं त्या प्रवाहांत मोठा फरक पडतो. पाटावरची फळी बोटभर सरकवावी आणि सारा ओघ कमी-जास्त व्हावा, तसेंच हें. १९२५ पूर्वीं गायकाला कर्ण्यासमोर मोठ्यानें गावें लागे; पुढें मायक्रोफोन आणि नळी यांच्या साहाय्यानें तबकड्या निघूं लागल्या. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेंही याच नळ्यांच्या बळावर.

ग्रामोफोनच्या चुंबकीय पिकअपमधून येणारी वीज केवळ कांहीं सहस्रांश व्होल्ट असते. तिला प्रथम वाढविणारा भाग तो पूर्ववर्धक. त्यांत पुष्कळदां १२ एएक्स ७ ऊर्फ ईसीसी ८३ ही जोडनळी असते. तिचा वर्धनांक सुमारें १०० आहे. त्यामुळें येथील लहानसा दोषही पुढें वाढून कानांवर आदळतो.

आणि आमच्या किनाऱ्यावर दोषांना तोटा नाहीं. खाऱ्या वाऱ्यानें नळ्यांच्या बैठका गंजतात व खरखर सुरू होते. मेणकागदी कंडेन्सर दमट हवेंतील ओल शोषून झिरपूं लागतात. मग एका नळीच्या प्लेटवरील दाब पुढच्या नळीच्या जाळीपर्यंत पोंचतो आणि सूर फाटतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकले कीं अखंड गुणगुण ऐकूं येते. कांचेच्या आंतील रुपेरी डाग पांढरा पडला, तर नळींत हवा शिरली असें समजावें.

असें यंत्र माळ्यावरून काढून लगेच विजेला जोडणें धोक्याचें. वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्यें दोन-तीनशें व्होल्टचा दाब टिकून राहतो व तो प्राणावर बेतूं शकतो. म्हणून हें काम जाणत्या कारागिराकडेच द्यावें. त्यानें आधीं आंतील जोडणीचा नकाशा काढावा, मग निकामी तेवढेच भाग बदलावे, आणि काढलेले भाग पुडींत बांधून यंत्राबरोबर ठेवावे. रेक्टिफायर नळी काढून तेथें सिलिकॉनचे डायोड घालण्याचा मोह होतो; परंतु त्यानें दाब वाढतो, आणि नळ्या तापण्यापूर्वींच तो जुन्या कंडेन्सरांवर येऊन पडतो.

एक फेरफार मात्र मी उचित मानतों. तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर कमी व तारस्वर अधिक करीत, आणि वाजवितांना पूर्ववर्धक त्याच्या उलट करी. हें प्रमाण पूर्वीं कंपनीगणिक निराळें असे. १९५४ सालीं अमेरिकेंत आरआयएए हें एक प्रमाण ठरलें व पुढें तेंच रूढ झालें. त्यानुसार घडविलेल्या पूर्ववर्धकावर ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी वाजविली, तर तारस्वर नको इतके दबतात. त्यासाठीं प्रमाण बदलणारी एक कळ जोडावी. मूळ मार्ग तसाच राहूं द्यावा. सुईही निराळी हवी, कारण जुन्या तबकडीची खांच रुंद असते.

कोणी म्हणेल, आतां सर्व गाणीं संगणकांत मिळतात. हा खटाटोप कशाला? परंतु त्या प्रती शेवटीं तबकडीवरूनच उतरविलेल्या असतात. पूर्ववर्धक चुकला तर प्रतही चुकते, आणि पुढील पिढी त्या चुकीलाच गायकाचा आवाज समजते. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांचें गायन १९७७ सालीं व्हॉयेजर यानांतून अंतराळांत गेलें. पाठविणारांनीं नुसती तबकडी पाठविली नाहीं. बरोबर सुई दिली, आणि ती कशी व किती वेगानें वाजवावी हें वेष्टनावर कोरलें. अज्ञात श्रोत्यासाठीं जी दक्षता त्यांनीं घेतली, ती आपल्याच नातवंडांसाठीं आपण घेऊं नये काय? माळ्यावरील यंत्र भंगारवाल्याच्या हवालीं करण्यापूर्वीं एवढा प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःस विचारावा.