हठयोगाच्या पोथ्या आणि प्रयोगशाळेची साक्ष

हठयोगाचीं बाडें ही आपल्या पोथीसंग्रहांतील उपेक्षित जात होय. कागदपत्रें, बखरी व काव्यें यांची टांचणें झाल्यावर जें उरतें, त्यांत तीं पडून राहतात. त्यांतील मजकूर कोणास गूढ वाटतो, कोणास ओंगळ. परंतु विसाव्या शतकांत या वाङ्मयाची एक निराळीच परीक्षा झाली: पोथीचा अर्थ टीकेवरून न लावतां शरीरावरून लावण्यांत आला. त्या परीक्षेनें काय ठरलें व काय ठरलें नाहीं, याचा निवाडा संशोधनाच्या नेहमींच्या कसोट्यांनींच करणें आम्हांस इष्ट वाटतें.

(१) स्वात्मारामाची हठप्रदीपिका पंधराव्या शतकांतील. तिच्या दुसऱ्या उपदेशांत धौति, बस्ति, नेति, त्राटक, नौलि व कपालभाति अशीं सहा शोधनकर्में आहेत. बस्तीची रीत अशी कीं, साधकानें नाभीइतक्या पाण्यांत उत्कटासनांत बसावें, गुदद्वारांत नळी घालावी व आधाराचें आकुंचन करावें. ज्योत्स्नाकार ब्रह्मानंद नळीचें मापही देतो: वेळूची, सहा अंगुळें लांब, चार अंगुळें आंत, दोन बाहेर. आंत आलेलें पाणी नौलीनें ढवळून सोडावें, असें तो सांगतो. पण पिचकारीवांचून पाणी वर चढतें कसें? मूळ व टीका दोन्ही आकुंचनाकडे बोट दाखवितात. आकुंचनानें तर वाट आवळली जाते. पाणी ओढून घेणारें बल त्यांत दिसत नाहीं.

(२) हा प्रश्न स्वामी कुवलयानंद यांनीं प्रयोगाला लावला. यांचें मूळ नांव जगन्नाथ गणेश गुणे (१८८३-१९६६). नर्मदातीरीं मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे गुरु. इ. स. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळांत विद्यार्थ्यांच्या साह्यानें त्यांनीं उड्डियान व नौलि यांचे प्रयोग केले. इ. स. १९२४ त लोणावळें येथें कैवल्यधाम स्थापिलें व त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढून त्यांतून क्ष-किरणांचीं चित्रें व दाबमापनें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. निष्पन्न असें झालें कीं, नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून उतरतो, आणि म्हणून पाणी आपोआप आंत येतें. या अंशतः निर्वात स्थितीस त्यांनीं आपल्या गुरूचें नांव दिलें. म्हणजे टीकेनें जिला केवळ ढवळण्याचें काम दिलें, ती नौलीच ओढण्याचेंही साधन ठरली. पोथी येथें खोटी नव्हे, अपुरी आहे. क्रिया गुरुमुखें शिकलेल्यास ती आठवणीपुरती होती. शिकविणारी परंपरा तुटतांच उरलेला अर्थ शब्दांतून निघेना.

(३) उलट उदाहरणही सांगितलें पाहिजे. योगी हृदयाचें स्पंदन थांबवितो, अशी ख्याति फार होती. इ. स. १९३५ त तेरेझ ब्रॉस या फ्रेंच विदुषीनें हिंदुस्थानांत येऊन हृदयाचे विद्युत्-आलेख घेतले व या ख्यातीस बळ दिलें. पुढें वेंगर, बागची व आनंद यांचा तपास इ. स. १९६१ त प्रसिद्ध झाला. श्वास कोंडून छाती व पोट यांचे स्नायू आवळले असतां हृदयाकडे परतणारें रक्त कमी होतें, मनगटाची नाडी लागत नाहीं. आलेखांत मात्र हृदय चालूच दिसतें, असें त्यांस आढळलें. पाहणाऱ्यानें नाडी गेली म्हटलें तें खरें. त्यावरून काढलेलें अनुमान मात्र चुकलें.

(४) राहिला समाधीचा प्रश्न. समाधिस्थास गंध, रस, रूप, स्पर्श व शब्द यांचें भान नसतें, असें हठप्रदीपिकेचा चौथा उपदेश सांगतो. दिल्ली येथील आनंद, छीना व सिंग यांनीं योग्यांच्या मेंदूचे विद्युत्-आलेख घेतले. तेही १९६१ सालींच प्रसिद्ध झाले. एरवीं प्रखर प्रकाश, मोठा आवाज किंवा उष्ण वस्तूचा स्पर्श यांनीं मेंदूचे संथ अल्फा-तरंग मोडत. समाधींत ते मोडले नाहींत. ग्रंथाच्या वर्णनाशीं हें जुळतें. एवढ्यावरून कोणी म्हणतात, विज्ञानानें समाधि सिद्ध केली. कोणी म्हणतात, समाधि म्हणजे हे तरंगच. आमच्या मतें दोघेही पुराव्याच्या पुढें धांवतात. शिक्का अस्सल ठरला म्हणजे सनद दिली गेली एवढें ठरतें. सनदी गांवाचा उपभोग झाला कीं नाहीं, यास निराळी साक्ष लागते. यंत्र चित्ताच्या शरीरावर उमटलेल्या खुणा दाखवितें. ज्या चैतन्याविषयीं ग्रंथ बोलतात, त्याविषयीं यंत्रानें होय म्हटलेलें नाहीं, नाहींही म्हटलेलें नाहीं.

प्रयोगशाळा काढणाऱ्या कैवल्यधामासही शेवटीं पोथ्यांकडे वळावें लागलें. स्वामी दिगंबरजी व पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनीं संपादिलेली हठप्रदीपिका तेथूनच इ. स. १९७० त बाहेर पडली. पाठ निश्चित नसेल तर प्रयोग कशाचा करावयाचा? म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, अशा बाडांतील मापें, आकृति व समासांतील टिपा जशाच्या तशा उतराव्या. व्याकरणास न रुचणारा पाठ घाईनें शुद्ध करूं नये. क्रिया जाणणाऱ्या एखाद्या साधकानें समासांत लिहिलेला अर्धा शब्द टीकाकाराच्या पानभर विवरणाहून अधिक सांगणारा निघण्याचा संभव आहे.