बालप्रेक्षक आणि वेळेचे नियंत्रण : दूरचित्रवाणी ते भ्रमणध्वनी (१९७२–२०२३)

प्रस्तावना :
मुलांच्या पडद्याविषयीची चर्चा बहुधा ‘काय पाहतात’ आणि ‘किती तास पाहतात’ या दोन प्रश्नांभोवती फिरते. इतिहासाच्या दृष्टीने तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो : मुलाने केव्हा पाहावे आणि केव्हा थांबावे, हे कोण ठरवीत होते? दूरचित्रवाणी संचाकडून भ्रमणध्वनीकडे झालेले संक्रमण हे केवळ साधनांतर नसून वेळ ठरविण्याच्या अधिकाराचे हस्तांतर आहे. प्रस्तुत निबंधात महाराष्ट्राच्या संदर्भात त्याचा आढावा घेतला आहे.

१. शासकीय वेळापत्रक :
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या उपग्रह प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक संचांवर कार्यक्रम दाखविले गेले. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. तथापि सकाळचे प्रक्षेपण शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेले होते, यावरून शासनाच्या लेखी बालप्रेक्षक हा प्रथम विद्यार्थी होता, हे दिसते. मुंबई केंद्रावरील ‘किलबिल’ हा बालकार्यक्रमही नेमलेल्या वेळीच दिसे. संच मोजक्या घरांत असल्याने शेजारपाजारची मुले एकत्र बसत आणि कार्यक्रम संपला की पाहणेही संपे. या काळाचे उदात्तीकरण मात्र योग्य नव्हे. मुलाला निवडीचा अधिकार नव्हता आणि ज्याच्या घरी संच, त्याची मर्जी सांभाळावी लागे.

२. वाहिन्या आणि पालक :
१९९५ मध्ये ‘कार्टून नेटवर्क’ भारतात आले. २००४ मध्ये ‘पोगो’ व ‘हंगामा’ या वाहिन्यांची भर पडली. पुढे जपानी व्यंगचित्रमालिका हिंदीतून घरोघरी पोहोचल्या आणि २००८ मध्ये ‘छोटा भीम’ सुरू झाला. मुलांसाठी स्वतंत्र वाहिन्या आल्यामुळे कार्यक्रमाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. प्रसारणाने सोडलेली मर्यादा आता पालकांना घालावी लागली. पाल्य दहावीत गेले की घरातील केबल जोडणी बंद करण्याची मध्यमवर्गीय प्रथा ही याच काळाची देणगी होय. हा उपाय लागू पडे, कारण घरात बहुधा एकच संच असे आणि तो बंद करणे सर्वांना दिसत असे.

३. स्वयंचलित क्रम :
यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर आंतरजाल स्वस्त झाले आणि त्याच वर्षी ‘यूट्यूब किड्स’ भारतात उपलब्ध झाले. येथे एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची सोय असल्याने ‘कार्यक्रम संपला’ हा क्षणच नाहीसा झाला. पुढचे दृश्य संगणकीय शिफारस सुचवू लागली आणि मूल बहुधा एकटेच पाहू लागले. या रचनेचे परिणाम कंपनीलाही दुर्लक्षिता आले नाहीत. १३ ते १७ वयोगटासाठी ही स्वयंचलित सोय मुळातच बंद ठेवण्याचे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे : हिंदी वाहिन्यांच्या काळात मागे पडलेली मराठी बालगीते व गोष्टी याच माध्यमातून मुलांना, विशेषतः परदेशस्थ मराठी कुटुंबांना, सहज मिळू लागल्या.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर जुन्या पद्धतीचे मोल पुन्हा प्रत्ययास आले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका ठराविक वेळी दाखविली गेली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, किंवा एकच फोन अनेक भावंडांत होता, तेथे वेळापत्रक असलेली दूरचित्रवाणी हाच शाळेचा दुवा ठरला.

निष्कर्ष :
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसाला कमाल एक तासाची मर्यादा सुचविली. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियमाने मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंध केला. दोन्ही उपाय आवश्यक आहेत. परंतु पाहणे कोठे थांबवावे, हे त्यांतून मूल शिकत नाही. पूर्वी हा शेवट प्रसारणाने आणि नंतर पालकांनी ठरविला. आज तो कोणाच्याच हाती स्पष्टपणे उरलेला नाही. म्हणून पडद्यावर सरसकट बंदी घालण्यापेक्षा मुलांसाठी निश्चित लांबीचे दर्जेदार मराठी कार्यक्रम निर्माण करणे आणि घरातील मोठ्यांनी ते मुलांसोबत बसून पाहणे अधिक उपकारक ठरेल.