विमान हवेत, बिघाड इंजिनात : मे 1930 ची गोष्ट

मागच्या वेळी भाषण संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं होतं, की एकच इंजिन असलेल्या छोट्या विमानाचं इंजिन वरती बंद पडलं तर काय होतं? बहुतेकांना वाटतं, विमान दगडासारखं खाली येतं. तसं होत नाही. नाक थोडं खाली केलं आणि वेग टिकवला, तर ते घसरगुंडीसारखं तरंगत उतरतं. पुरेशी उंची असेल तर वैमानिकाला काही मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत मोकळं शेत शोधायचं, खालच्या धुरावरून वाऱ्याची दिशा ओळखायची, वाऱ्याला तोंड करून उतरायचं. हे शिक्षण शंभर वर्षांत फारसं बदललेलं नाही.

पण आज मला सांगायचंय ते याच्या आधीचं. बिघाड हवेत दिसतो, पण त्याचा निकाल बऱ्याचदा जमिनीवर लागलेला असतो. त्यासाठी आपण मे 1930 मध्ये जाऊ. इंग्लंड आणि कराची यांच्यामधल्या हवाई मार्गावर त्या महिन्यात तीन तरुण खासगी वैमानिक होते. तिघांचीही विमानं एकाच जातीची, जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, वर कापड, उघडी बैठक, चार सिलिंडरचं साधारण शंभर अश्वशक्तीचं इंजिन. रेडिओ नाही. बिघाड झाला तर कुणाला कळवायची सोय नाही.

पहिली, एमी जॉन्सन. वय 26, इंग्लंडमधल्या हल गावच्या मासळी व्यापाऱ्याची मुलगी, लंडनला वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट. उड्डाण शिकताना ती हँगरमध्ये मेकॅनिकांबरोबर हात काळे करत बसायची. 1929 मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळवला आणि त्याच वर्षी ग्राउंड इंजिनिअरचाही. तो मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली स्त्री. 5 मे 1930 ला ती क्रॉयडनहून एकटी ऑस्ट्रेलियाकडे निघाली.

आता तिचा दिनक्रम बघा. दिवसभर उडायचं, संध्याकाळी उतरायचं, आणि मग लोक हारतुरे घेऊन उभे असताना हिने इंजिनाची झाकणं काढायची. प्लग साफ करायचे, तेल बदलायचं, गाळण्या धुवायच्या. त्यात काही तास जायचे. झोप राहिली तरी चालेल, इंजिन राहता कामा नये.

बगदादच्या वाटेवर वाळूचं वादळ आलं. तेव्हा तिने पुढे रेटलं नाही. वाळवंटातच उतरली, सामान चाकांना लावलं, वाळू शिरू नये म्हणून इंजिनावर कापड घातलं, आणि वादळ ओसरेपर्यंत विमानाच्या शेपटीवर बसून राहिली. वाळू खाल्लेलं इंजिन पुढे हवेत दगा देणार, हे मेकॅनिकला कळतं. नुसत्या उडणाऱ्याला कळेलच असं नाही.

कराचीला ती सहाव्या दिवशी पोचली, तोपर्यंतचा विक्रम दोन दिवसांनी मोडून. आणि इथून घाई सुरू झाली बरं का! अलाहाबादला जायचं होतं, पण समोरून वारा, पेट्रोल संपत आलेलं. शेवटी झाशीच्या परेड ग्राउंडवर उतरली, त्यात पंखाला मार बसला. रातोरात दुरुस्ती करून पुढे निघाली. रंगूनजवळ मुसळधार पावसात रेसकोर्स शोधताना इनसीनच्या तांत्रिक संस्थेच्या मैदानावर उतरली आणि विमान चरात गेलं. पुढचा पंखा मोडला, म्हणजे प्रोपेलर. चाकांचा सांगाडाही मोडला. पण जादा प्रोपेलर तिने क्रॉयडनहूनच विमानाला बांधून आणला होता! पंखांचं कापड फाटलं होतं. तिथे महायुद्धातल्या विमानांच्या उरलेल्या कापडाचे शिवलेले शर्ट होते, तेच उसवून पंखांना लावले. तीन दिवस गेले आणि विक्रमही गेला. पण 24 मे ला ती डार्विनला उतरली.

हा हिशेब नीट पाहा. इंजिनाने तिला दगा दिला नाही, कारण रोज रात्री ते तिच्या हाताखालून जायचं. झाशीला आणि इनसीनला मोडतोड झाली ती उतरताना, घाईत, वारा-पाऊस-पेट्रोल यांच्या कोंडीत.

आता दुसरे दोघे. आगा खानांनी इंग्लंड-भारत मार्ग एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं होतं. आपल्या मुंबईचे जेआरडी टाटा, वय 25, भारतात मिळालेल्या वैमानिक परवान्यांतल्या पहिल्या क्रमांकाचे धनी, 3 मे ला कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडहून येत होता 17 वर्षांचा अस्पी इंजिनिअर. इजिप्तमध्ये अबूकीरच्या विमानतळावर जेआरडी उतरले, तर अस्पी तिथे अडकलेला. कारण? स्पार्क प्लग.

या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि दोन मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी दोन वेगळी यंत्रं. एक बाजू गेली तरी दुसरीवर इंजिन चालतं, फक्त जोर कमी होतो. पण म्हणून खराब प्लग घेऊन वाळवंटावर निघायचं नसतं. दुसरी बाजू ही वाचण्यासाठी असते, मुक्काम गाठण्याच्या हौसेसाठी नाही. अस्पी थांबला, ते शहाणपण. आणि जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी थोडक्या तासांच्या फरकाने जिंकला. पुढे 1960 मध्ये तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

याला आपण खिलाडूवृत्ती म्हणतो आणि ते खरंच आहे. पण वैमानिकाच्या नजरेने बघा. जादा प्लग जवळ नसणं काय असतं, हे जेआरडींना ठाऊक होतं.

एक कडू गोष्ट सांगून थांबतो. 5 जानेवारी 1941 ला, युद्धकाळात विमान पोचवताना, खराब हवेत एमी जॉन्सन टेम्सच्या मुखाशी पाण्यात कोसळली. तिचा देह सापडला नाही. इंजिन जाणणाऱ्या हातांनाही हवामानापुढे मर्यादा असते. म्हणून जुने शिक्षक सांगतात, की खाली जागा आहे, उजेड आहे, पेट्रोल आहे, तोवरच उतरायचं ठरवा. नंतर ठरवणारे आपण नसतो.

आता प्रश्न घेऊ या.