हिवाळ्याचं बिल आणि गावाचा बॉयलर

डेन्मार्कमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी घरातला एकच रेडिएटर चालू ठेवला होता. युटलंडमधलं जेमतेम चार हजार वस्तीचं गाव, त्यात भाड्याने घेतलेलं विटांचं जुनं घर. प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी रेडिएटर आणि त्याला १ ते ५ आकड्यांचा नॉब. माझा हिशेब सरळ होता : जिथे बसायचं तिथला ५ वर, बाकीचे बंद. रिकाम्या खोलीतला पंखा चालू राहिला म्हणून लहानपणी खाल्लेली बोलणी अंगात मुरलेली असतात.

वर्षाचा हिशेब आला तेव्हा अडीच हजार क्रोन जादा भरायचे निघाले. म्हणजे तीस हजार रुपयांच्या घरात. बिलात एक ओळ मला काही केल्या कळेना. भाषांतर करून पाहिलं, तर तुम्ही परत पाठवलेलं पाणी पुरेसं थंड नव्हतं, म्हणून ही रक्कम. पाणी गरम परत केल्याचा दंड!

शेजारच्या बाई ७८ वर्षांच्या. इथे सगळे एकमेकांना एकेरी नावाने हाक मारतात. मला ते अजून जमत नाही, मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्यांनी बिल वाचलं, उठून रेडिएटरच्या वरच्या कडेला हात लावला, मग वाकून खालच्या कडेला. दोन्हीकडे चटका. त्या म्हणाल्या, "वर गरम आणि खाली कोमट हवा. तू पाण्याला थांबूच देत नाहीयेस."

गोष्ट साधी आहे. या गावात घरोघरी बॉयलर नाही. गावाबाहेर एक मोठा बॉयलर आहे, तिथून जमिनीखालच्या पाइपांतून साधारण ७० अंशांचं पाणी येतं, घरात उष्णता सोडतं आणि परत जातं. मी एकाच रेडिएटरवर सगळ्या घराचा भार टाकला होता, त्यामुळे पाणी त्यातून धावत जाऊन गरमच परतत होतं. गरम पाणी परतलं की वाटेत उष्णता वाया जाते आणि पंपांना जास्त पाणी फिरवावं लागतं. उपाय असा की सगळे रेडिएटर एकाच मध्यम आकड्यावर ठेवायचे. आणि दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. बाहेर उणे तापमान असताना? हो. माझ्या फोडण्यांची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांनी हवा दमट झाली होती, कोपऱ्यात बुरशी धरली होती, आणि ओलसर घर गरम करायला जास्त उष्णता लागते.

बिल कमी कसं करायचं ते कळलं. पण गावाच्या बॉयलरने माझ्या घरातल्या पाण्याचा हिशेब ठेवावा, हे आलं कुठून?

सुरुवात कचऱ्यापासून झाली. १९०३ साली कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये कचरा जाळण्याचा कारखाना उभा राहिला, कारण कचरा पुरायला जागा उरली नव्हती. जाळल्यावर निघणारी उष्णता जवळच्या इस्पितळाला दिली. पुढे १९५० आणि ६०च्या दशकांत छोट्या गावांनी ही कल्पना उचलली, आणि उचलताना आपल्या सवयीचा साचा वापरला : सहकार. पश्चिम युटलंडमधल्या येडिंगला १८८२ साली शेतकऱ्यांनी सहकारी डेअरी काढली होती. गाई कितीही असोत, मत एकच. डेअरीनंतर कत्तलखाने, पाण्याच्या योजना, आणि मग गावाचा बॉयलर. घरमालक सभासद, नफा काढायचा नाही.

माझी इथे खरी गोची झाली. मी नगर जिल्ह्यातली. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू केला, तो आमचाच जिल्हा. माझे आजोबा, अण्णा, त्यानंतर निघालेल्या दुसऱ्या एका कारखान्याचे सभासद. तो कारखाना आज बंद आहे. शेअरचा दाखला कपाटात, आणि शेवटच्या हंगामाच्या उसाचे पैसे अजून यायचे आहेत. त्यामुळे 'सहकारी' हा शब्द बिलावर दिसला की मला आधी संशय येतो.

पण डॅनिश बॉयलरही काही पुण्याईवर चालले नाहीत. तेव्हा तेल स्वस्त होतं आणि सगळे तेलच जाळत होते. १९७३ साली देशाच्या ऊर्जेपैकी जवळपास ९० टक्के भाग आयात तेलाचा होता. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरवरून जवळपास १२ वर गेला. २५ नोव्हेंबर १९७३पासून रविवारी खासगी गाड्या बंद. आजी सांगतात, त्या रिकाम्या महामार्गावरून सायकलने माहेरी गेल्या होत्या आणि घरी सगळे एकाच खोलीत कोट घालून बसले होते. त्यांच्या सासूबाईंनी मात्र माळ्यावरून गवत भरलेली पेटी काढली. युद्धकाळात इंधन मिळत नसे तेव्हा लापशी एक उकळी आणून त्या पेटीत ठेवत, गवताच्या उबेत ती शिजत राही.

कोट घालून बसणं ही एका घराची बचत. तिच्यावर देशाचं भागत नाही, हे इथल्या सरकारला लवकर कळलं. १९७९ साली उष्णता पुरवठ्याचा कायदा आला. कुठल्या भागात गावाचं गरम पाणी आणि कुठे गॅस, याचे नकाशे नगरपालिकांनी करायचे. १९८०च्या दशकात तर त्या घरमालकांना गावाच्या पाइपाला जोडून घ्यायची सक्तीही करू शकत होत्या. आजींच्या यजमानांचा तेलाचा बॉयलर नवाकोरा होता, त्यांनी वर्षभर नगरपालिकेशी भांडण केलं. हरले. मला त्यांची बाजू पटते.

१९८६च्या सुमारास तेल पुन्हा कोसळलं. इतर देशांनी सुटकेचा श्वास टाकला, डेन्मार्कने तेलावरचा कर वाढवला, म्हणजे ग्राहकाला तेल महागच राहावं. कल्पना करा, आपल्याकडे कुणी हे केलं तर! पण त्यामुळेच भिंतींच्या पोकळीत लोकर भरणं, खिडकीला दुहेरी काच लावणं हे खर्च लोकांना परवडत राहिले. आमच्या गावाने याच काळात तेल सोडून गव्हाचा पेंढा जाळायला घेतला. शेतातच पेंढा जाळण्यावर १९९०च्या सुमारास बंदी आली, मग तो बॉयलरकडे आणण्यात शेतकऱ्याचाही फायदा झाला.

सगळीकडे असं जमलं नाही. १९९०च्या दशकात सरकारी धोरणामुळे अनेक चिमुकल्या गावांनी नैसर्गिक वायूवर चालणारी केंद्रं बांधली. घरं थोडी, कर्ज मोठं. बिलं कायम चढी राहिली आणि २०२२च्या युद्धात वायू भडकला तेव्हा सहकार असूनही तिथल्या लोकांचे हाल झाले.

मला सगळ्यात भावलं ते एरो बेटावरचं मार्स्टाल. कधीकाळी शिडाच्या जहाजांचं बंदर, आता साधारण १,५०० ग्राहकांचा सहकारी बॉयलर. १९९६पासून त्यांनी माळावर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारे पत्रे मांडायला सुरुवात केली. २०१२पर्यंत ते ३३,००० चौरस मीटर झाले. सोबत ७५,००० घनमीटरचा एक खड्डा : आत प्लास्टिकचं अस्तर, वर तरंगतं जाड झाकण. मी गेले तेव्हा हसूच आलं, कारण ते आपलं शेततळं होतं! आपल्या ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याच्या तीसपट तरी मोठं. आपण पावसाचं पाणी उन्हाळ्यासाठी ठेवतो, हे जुलैचं ऊन डिसेंबरसाठी ठेवतात. वर्षाची निम्म्याहून जास्त उष्णता उन्हातून येते.

मार्चमध्ये आजी मला आमच्या बॉयलरच्या वार्षिक सभेला घेऊन गेल्या. शाळेच्या सभागृहात साठेक माणसं, कॉफी, केक. एका गल्लीतला जुना पाइप यंदा बदलायचा की पुढच्या वर्षी, यावर पाऊण तास वाद. नेमका कितीला पेंढा घेतला हे एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आणि कागद काढून दाखवावे लागले, कारण पेंढा विकणारे दोघे संचालक मंडळातच होते.

रात्री अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी पेंढ्याचा भाव विचारला, टनाला किती. मग विचारलं, "आणि चेअरमन कोण?"

"निवृत्त शाळामास्तर आहेत."

"निवडणुकीला उभं कोण होतं त्यांच्यासमोर?"

कुणीच नव्हतं. कुणाला ते काम नकोच होतं, आजींनीच तीन जणांना फोन करून गळ घातली होती. हे ऐकून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दाखला कपाटात आहे, पुढच्या वेळी येशील तेव्हा तेवढा कुठे चालतो का बघ.

या वर्षीच्या बिलात ती दंडाची ओळ नाही. ४०० क्रोन परत आले आहेत.